चित्रातला चौथा

खालापूरच्या बाजूला एका संस्थेच्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. शाळा छोटी होती आणि संस्थेचं नाव लांब. फाटकावरच्या कमानीत ते मावेना म्हणून शेवटची दोन अक्षरं खांबावर उतरवली होती. सत्तरच्या दशकातल्या एका वर्षी सातवीत एक मुलगी होती, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या कातकरी वाडीवरची. त्या वाडीवरून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. दिवाळी झाली की वाडीतली माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जात आणि पोरांची शाळा तिथंच संपे. हिच्या आईबापानं मात्र हिला आत्याकडे मागं ठेवलं होतं. सातवी पास झाली की वाडीवर बालवाडी निघणार होती आणि हीच तिथली बाई होणार होती. हे तिनं मला स्वतः सांगितलं, फळा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

त्याच वर्षी तपासणी होणार म्हणून शाळेत विज्ञानाची पुस्तकं असावीत असं संस्थेला वाटू लागलं. निवडीसाठी समिती नेमली: मुख्याध्यापक, संस्थेचे एक सभासद आणि मी. सभासदांचा टेंपोंचा धंदा होता. पुस्तक हातात घेतलं की ते आधी त्याचं वजन अजमावत. पुण्याहून विक्रेता पत्र्याची ट्रंक घेऊन आला. त्यात उत्क्रांतीवरची मुलांसाठीची दोन पुस्तकं निघाली. एक पातळ, पिवळट कागदाचं; माशाचे पर, घोड्याचे खूर, वटवाघळाच्या पंखातली हाडं, सगळी रेघांची चित्रं आणि छपाई पुसट. दुसरं जाड, गुळगुळीत, आणि मध्ये घडी घालून ठेवलेलं मोठं रंगीत चित्र.

"यात माणूस माकडापासून झाला असं लिहिलंय," सभासद म्हणाले. "माझे आजोबा माकड नव्हते."

"त्यांचा उल्लेख नाही त्यात. गोष्ट त्यांच्या फार आधीची आहे."

"पणजोबाही नव्हते."

"त्यांच्याही आधीची."

"मग तसं पहिल्या पानावर लिहून ठेवा," ते म्हणाले, आणि जाड पुस्तक घेण्याचं ठरलं.

एवढी लढाई जिंकल्यावर मी ते पुस्तक जबाबदारीनं वाचलं. दोन रविवार घातले. माणूस माकडापासून झाला, हे वाक्य पेन्सिलीनं खोडून दोघांचा पूर्वज एक, असं केलं. चित्रात पाचजण रांगेत चालत होते. पहिला वाकलेला, पाचवा ताठ. त्याखालच्या मजकुरातली एक वेलांटी सुधारली. मग ते चित्र पुस्तकातून सोडवून सातवीच्या भिंतीवर लावलं.

पुढं काही दिवसांनी पोरं त्या मुलीला 'चार नंबर' म्हणू लागली. "ए चार नंबर, फळा पूस गं." "चार नंबर, सर बोलावतायत." पोरांचे खेळ असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका शनिवारी तिचं गणित चुकलं तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, तिला कशाला विचारता? तिचं व्हायचंय अजून!"

मी त्याला उभं केलं आणि सांगितलं, "उत्क्रांती एका माणसाच्या आयुष्यात होत नसते. तिला लाखो वर्षं लागतात."

वर्ग हसला. मीही हसलो असेन. उत्तर जमलं होतं.

सोमवारी ती आली नाही. आठवडा गेला. आईबापाकडे भट्टीवर गेली असेल, असं मी धरून चाललो. मराठीच्या बाई भिसेगावहून येत. त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा त्या स्वतः शाळेत होत्या. त्यांनी मला मधल्या सुट्टीत गाठलं.

"सर, ते चित्र तुम्ही पाहिलंत?"

"दोनदा तपासलंय."

"तपासलंत हो. पाहिलंत का?"

त्यांनी मला भिंतीसमोर नेलं. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत रंग उजळत गेला होता. पाचवा गोरा, भांग पाडलेला, मोहोपाड्याच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या एखाद्या साहेबासारखा. चौथा काळा, कुरळ्या केसांचा, लंगोटी लावलेला, हातात तिरकमठा. रविवारी वाडीवरून बाजारात मध विकायला यायचा तोच माणूस. मी त्याच्याकडून मध घेत असे.

"पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं," बाई म्हणाल्या. "आम्हाला असं काही ओळखायला वेळ लागत नाही."

संध्याकाळी मी वाडीवर गेलो. ती दारात वाल सोलत बसली होती. आत्यानं गोणपाट अंथरलं. "बसा गुरुजी. ती नाय यायची पण."

मी बोलायला सुरुवात केली. भाषण म्हणून चांगलंच होतं. ते चित्र चुकीचं आहे, सगळी माणसं एकाच जातीचे प्राणी, कातडीचा रंग उन्हावर ठरतो, तू आणि मी दोघंही पाचवेच. तिनं हातातली शेंग पुरी सोलली.

"पण सर, पुस्तकात हाय ना तसं?"

"पुस्तक चुकलंय."

"मग तुमी का लावलंत?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

"माज्या आलं," ती म्हणाली.

आत्या मला वाटेपर्यंत सोडायला आली. "पोरांच्या बोलण्याचं तिला काय नाय, गुरुजी. पोरं बोलायचीच. तुमी हसलात, म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी चित्र काढलं. विक्रेत्याला पत्र टाकून ते पातळ पुस्तक मागवलं आणि तेच शिकवलं. माशाचा पर आणि आपला हात यांतली हाडं जुळवायला पोरांना फार आवडलं. चार नंबर कोण, हे मात्र कुणी विसरलं नाही. परीक्षेआधी मी आणखी दोनदा वाडीवर गेलो. एकदा ती लाकडं आणायला गेली होती. दुसऱ्यांदा घरातच होती, पण बाहेर आली नाही.

वाडीवर बालवाडी पुढं निघाली. तिथली बाई खालच्या गावातून येई. पावसाळ्यात ओढा भरला की येत नसे.

जूनमध्ये हजेरीपटावरून तिचं नाव कमी करायचं होतं, आणि कारण लिहावं लागे. मुख्याध्यापक म्हणाले, "कातकरी ना? लिहा, स्थलांतर." ती वाडीतच होती, शाळेपासून दीड मैलावर. मी पेन उघडलं. रकाना बोटभर रुंद होता. मी स्थलांतर लिहिलं.