प्रमाणपत्र न बघता

शशिकांत देवस्थळी पुण्याहून गुडगावला आले, तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची. आता तिथे काचेच्या इमारती होत्या. शेतांच्या काळात त्यांनी लिहिलेला प्रोग्राम मात्र अजून चालू होता. दिल्लीतल्या लहान लॅबमधून रोग्यांचे रिपोर्ट तो कंपनीच्या सर्व्हरवर पोचवायचा. आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याचं ओळखपत्र, बघायचा. नाव जुळलं नाही, तर रिपोर्ट द्यायचा नाही.

त्या सोमवारी एकही रिपोर्ट गेला नाही. खर्च वाचवायला कंपनीने सर्व्हर अशा ठिकाणी हलवला होता, जिथे अनेक वेबसाइट एकाच पत्त्यावर राहतात.

"एका दारामागे दहा बिऱ्हाडं," त्यांनी राघवला सांगितलं. राघव मुंबईचा, वयाने लहान, पण साहेब. "बेल वाजवतानाच कोण हवंय ते सांगावं लागतं. आपला प्रोग्राम जुना, तो नाव सांगत नाही. मग पहिलं बिऱ्हाड दार उघडतं. साडीच्या दुकानाचं प्रमाणपत्र येतंय पुढे."

"काका, डॉक्टर रिपोर्ट मागतायत, साड्या नाही! तपासणीच बंद करा ना यार. ती सेटिंग तर इथूनच बदलते."

"आत शिरल्यावर रिपोर्टला आपलं बिऱ्हाड सापडेल, पण मग कुणीही मध्ये बसून आपला सर्व्हर असल्याचं सोंग करेल. एचआयव्हीचे रिपोर्ट असतात, राघव. मला तीन आठवडे दे, लॅबोलॅबी नवा प्रोग्राम बसवतो. नाहीतर सर्व्हरला वेगळा पत्ता घे."

"वर विचारलं. दोन्हीला नाही म्हणाले." राघवने दार लोटून घेतलं. "पुढच्या महिन्यात कपात आहे. नावं मीच द्यायचीत. काकूंचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर आहे ना?"

शशिकांत जागेवर येऊन बसले. दिल्लीतल्या द्वारकेहून, घरून, बायकोचा, हेमलताचा फोन आला.

"अहो, मोसंबी आणू नका हं. डॉक्टरांनी बंद केलीत. आता काय, पाणी मोजून आणि फळं बघून."

"बरं," ते म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी तपासणी बंद केली.

मग कुणी सांगितलं नव्हतं ते केलं. आपल्या लॅपटॉपवर एक खोटा सर्व्हर उभा केला, त्याला स्वतःच्याच नावाचं प्रमाणपत्र दिलं, आणि ऑफिसातल्या चाचणीच्या मशीनला त्याचा पत्ता दिला. अडकून पडलेल्या रिपोर्टांपैकी एक बिघाड शोधायला त्या मशीनवर घेतलेला होता.

इतकी वर्षं नाव विचारणाऱ्या प्रोग्रामने या वेळी काहीच विचारलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: शिवांजली, वय चोवीस, कॅन्टोन्मेंटजवळची लॅब. निकालाची ओळ येताच शशिकांतनी त्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप मिटला.

राघव मागे येऊन उभा होता. "झालं?"

"झालं."

"ग्रेट, काका! सुटलो."

लॅबचे सकाळपासूनचे तक्रारीचे फोन थांबले होते. शशिकांतनी डबा पिशवीत घातला आणि ते मेट्रोकडे निघाले.