आकाशातल्या होडीचा दुसरा भाग

माझ्या घरी येणारा पाहुणा आधी माझं कपाट बघतो आणि मग मला बघतो. कपाट भिंतभर आहे, काचेचं, सराफाच्या दुकानासारखं कुलूपबंद. आत काय, तर पंखांचे घोडे, तीन डोळ्यांचे राजे, ढगात बांधलेली शहरं, असल्या चित्रांची जाडजूड पुस्तकं आणि जुनी कॉमिक्स. "मुलांची का?" असं हमखास विचारतात. मी सांगते, माझी. मुलांनी हात धुतल्याशिवाय शिवायची नाहीत. मी बँकेत अधिकारी आहे, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि पगारातून काय घ्यायचं हे मला कुणाला विचारावं लागत नाही. एकदा हे स्पष्ट सांगितलं की पाहुणा मुकाट्यानं चहा घेतो आणि पुढच्या खेपेला स्वतःहून एखादं पुस्तक मागतो.

हा नाद मला फर्दापुरात लागला. वडील तिथल्या एका लॉजवर खोल्या आवरायचे. लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणे निघताना बॅगा हलक्या करायचे. मागं राहिलेलं सामान मॅनेजर एका कपाटात ठेवायचा, आणि कुणी मागायला आलं नाही की हंगाम संपल्यावर कामगारांत वाटून टाकायचा. जाकिटं, बूट, टॉर्च यांवरून भांडणं व्हायची. पुस्तकांना कुणी वाली नसायचा, ती वडिलांच्या वाट्याला यायची. "कागद लई जाड हाय, पोरीच्या वह्यांना कव्हरं होतील," असं म्हणत ते घेऊन यायचे. आईनं त्यातलं पहिलं पुस्तक उघडलं आणि कात्री उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. "चित्रं हायेत. कापायचं नाय."

ती पुस्तकं कुठल्या भाषेतली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण काहींच्या डोक्यावर टोपी, काहींना खाली शेपूट. मी एक पुस्तक शाळेत नेलं. गुरुजींनी ते बराच वेळ चाळलं आणि म्हणाले, "इंग्रजीच आहे. पण स्पेलिंगं सगळी चुकलीत."

म्हणजे त्या पुस्तकांपुढं आम्ही सगळे सारखेच अडाणी. वडील चौथी शिकलेले, मी सहावीत, आई शाळेचं तोंड न बघितलेली. पण इथं कुणाचं शिक्षण कुणाला उपयोगी पडत नव्हतं. चालायचं ते आईचं. वडील आणि मी अक्षरांवर अडून बसायचो, ती सरळ चित्राकडं बघायची आणि सांगायला लागायची.

त्यातलं एक पुस्तक आमचं सगळ्यांत लाडकं होतं. पुठ्ठ्याच्या बांधणीचं, परातीएवढं. आकाशातून एक होडी चाललीय. होडीत आखूड केसांची एक पोरगी आणि तिच्या मागं एक राक्षस, पाठीवर गवत उगवलेला, डोळे म्हशीसारखे शांत. दोघांच्या मधे दोर. वडील म्हणाले, राक्षसानं पोरगी पळवलीय.

"पळवलेली पोरगी अशी पाय सोडून बसती व्हय?" आई म्हणाली. "मामा हाय तो तिचा. मुराळी म्हणून आलाय, सासरहून माहेराला न्यायला."

"आन् दोर?"

"खाली पडू नये म्हणून बांधलंय तिला. वर किती वारं हाय बघा की."

वडिलांनी हात टेकले. शेवटच्या पानावर एक भलंमोठं दार होतं, फटीतून पिवळा उजेड येत होता आणि पोरीचा हात कडीवर होता. आईच्या लेखी ते माहेरचं दार. मी विचारायचे, "आत कोण हाय?" आई म्हणायची, "आई असंल की. भाकरी थापत." गोष्ट तिथं संपायची.

पुढं मी कॉलेजसाठी औरंगाबादला आले. नोकरी लागली, लग्न झालं, शहराचं नाव बदललं. नाद तसाच राहिला. शहागंजच्या बाजूला एका चाचांचं रद्दीचं दुकान आहे. रविवारी सकाळी मी तिथं असतेच. माझ्यासाठी ते गठ्ठे बाजूला काढून ठेवतात. एकेकाळी भाड्यानं फिरलेली कॉमिक्स त्यात निघतात, कव्हर गेलेलं, वर पुठ्ठा शिवलेला, पानांवर दुकानाचा शिक्का. कोरी करकरीत प्रत मिळाली तर आनंद होतो, पण अशी वापरलेली मला जास्त बोलकी वाटतात. पान कुठं दुमडलंय यावरून वाचणारा कुठं थांबला ते कळतं. कालवणाचे डाग नेमके लढाईच्या पानांवर का असतात, याचाही मी पुष्कळ विचार केलाय. जेवता जेवता वाचणाऱ्याचं हाताचं भान तिथंच सुटत असावं.

अशाच एका रविवारी चाचा एका परदेशी कॉमिकवर मोबाईल धरून बसले होते.

"क्या फोटो निकाल रहे, चाचा?"

"फोटो नहीं, मॅडम. पढ़ रहा हूँ. कॅमेरा लगाव तो हिंदी में बताता. ये इटली का है बोला. मेरेकू तो सब इंग्लिशच लगते थे."

"मग भाव वाढवला असेल लगेच."

"हौ तो! कल तक रद्दी थी, आज फॉरेन का माल है."

मी हसले, पण घरी येईपर्यंत माझा हात सारखा स्वतःच्या मोबाईलकडं जात होता. हाच मोबाईल माझ्या पर्समध्ये कितीतरी दिवस होता. बँकेत कुणाच्या तरी परदेशी औषधाच्या खोक्यावरची अक्षरं मी त्याच्यानंच वाचली होती. कपाटातल्या त्या होडीच्या पुस्तकावर मात्र तो धरावा असं कधी मनात आलं नव्हतं, की मीच येऊ दिलं नव्हतं, कुणास ठाऊक.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडं असते. माझ्या मुलीला ती अजून मामाची आणि दोराची तीच गोष्ट सांगते. तिनं जन्मात मनापासून वाचलेलं पुस्तक हे एवढंच, आणि त्यातली गोष्ट तिची स्वतःची. ती खोटी निघाली तर? मोबाईल काय, कुणाचंही मन न बघता बोलून जाईल. पण आत खरं काय लिहिलंय हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला चैन पडेना. आठवडाभर तग धरला. मग एका दुपारी आई झोपलीय असं बघून पुस्तक काढलं.

भाषा फ्रेंच निघाली. पहिल्याच संवादाच्या फुग्यात ती पोरगी राक्षसाला म्हणत होती, "शांत रहा, माझे बक्षीस." पुढच्या पानावर, "तुझे डोके शहरात मौल्यवान आहे." मोबाईलची मराठी अशीच, सासरी नवीन आलेल्या सुनेसारखी जपून बोलणारी, पण मतलब कळत होता. पोरगी शिकारी होती. राक्षस तिचा कैदी. राजानं त्याच्यावर इनाम लावलेलं. ते दार तुरुंगाचं. आणि शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, ज्यांना आम्ही इतकी वर्षं नक्षी समजत होतो: "पहिल्या भागाचा शेवट."

"काय पुटपुटतीस गं त्या मोबाईलशी?"

आई दारात उभी होती. आईशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, शाळेतही नाही. मी सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"दोर?"

"कैद्याला बांधलाय."

"आन् दार?"

"तुरुंगाचं."

ती पानं उलटत राहिली. तिचा चेहरा वाचायला मोबाईलचा काही उपयोग नव्हता. शेवटच्या पानाशी येऊन ती म्हणाली, "पोरगीच बेरकी निघाली म्हण की." आणि मग, "पुढं काय? देती का त्याला राजाकडं?"

"माहीत नाही. हा पहिलाच भाग आहे. दुसरा आपल्याकडं नाही."

"म्हंजे इतकी वर्षं मी अर्धीच गोष्ट सांगत हुते व्हय?"

मामा गेला, माहेर गेलं, त्याचं तिला एवढं लागलं नाही. अर्धीचं मात्र फार लागलं.

"नेटवर शोधून शेवट सांगू का? दोन मिनिटांत सापडेल."

"खबरदार! पुस्तक आण. चित्र बघितल्याबिगर मी कायबी मानणार नाय."

चाचांना विचारलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "दूसरा पार्ट? मॅडम, पहला पार्ट फर्दापूर कैसे पहुँचा, वोच अजूबा है." शेवटी नेटवर एका फ्रेंच जुन्या पुस्तकवाल्याकडं तो सापडला. शोधताना स्क्रीनवर कथेचा सारांश येत होता, तेव्हा मी तळव्यानं झाकत होते. पुस्तक समुद्रापलीकडून यायचं होतं, आणि आई रोज मी बँकेतून आले की विचारायची, "आली का होडी?"

पार्सल आलं त्या दिवशी तिनं हात धुतले, सतरंजी अंथरली, भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "तू गप बस. मोबाईल तिकडं ठेव."

मी मोबाईल लांब ठेवला. ती एकेक चित्र बोटानं पुढं सरकत बघत होती. दार उघडतं. आत चौक, शिपाई, खुर्चीत एक हडकुळा राजा. सहाव्या की सातव्या पानावर पोरगी दोराचं टोक राजाच्या हातात देते. राक्षस तिच्याकडं बघतोय. तिच्या तोंडाजवळ एक छोटा फुगा, आत एकच शब्द.

आईनं पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचे आवाज मोठे होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच कपाटापाशी आली. "आण तो मोबाईल. देताना काय म्हणती बघ."

मी धरला. "'घ्या' म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मनातून द्यायचं नसंल तिच्या," आई म्हणाली. "द्यायचं असतं तर लई बोलली असती." आणि तिनं पुढचं पान उलटलं.

पोरगी बाहेर येऊन होडीत बसते. होडी हलत नाही. ती वल्हं मारते, उतरून ढकलते, काही नाही. आई थांबली. "पहिलं पुस्तक दे." मी दिलं. तिनं उडणाऱ्या होडीचं एकेक चित्र शोधलं. प्रत्येकात राक्षसाचा एक हात होडीच्या काठावर होता. आम्हाला वाटायचं, पडू नये म्हणून त्यानं धरलंय.

"होडी तो उडवत हुता," आई म्हणाली. "दोर बांधलेला असून."

मी घाईनं फुगे तपासले. दोन्ही भागांत याबद्दल एक अक्षर नव्हतं. लिहिणाऱ्यानं ते चित्रकारावर सोडलं होतं, का चित्रकारानं त्याला न सांगता काढलं होतं, याचा मी आजही विचार करते.

पुढची पानं भराभर गेली. पोरगी भिंत चढते, कुलूप फोडते, त्याला बाहेर काढते. शेवटच्या पानावर पहाट आहे. राक्षस होडीत बसून वर चाललाय, एकटा. खाली पोरगी ठिपक्याएवढी. तो मागं वळूनही बघत नाही.

मला वाटलं आता आई म्हणणार, पोरीला पोचती केली, मुराळ्याचं काम झालं. मीच ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मामा नव्हता गं तो," ती म्हणाली. "मामा जेवल्याबिगर गेला नसता."

मला हसू फुटलं. तीही हसली, पण तिचं लक्ष चित्रातच होतं.

"मग कोण हाय तो? बांधलं तरी उडवत नेलं, सोडवलं तर बोलला बी नाय. आन् ती पोरगी कुणाची? घर नाय दाखवलं तिचं कुठंच." तिनं दोन्ही भाग एकावर एक ठेवले, पहिला वर घेतला आणि माझ्याकडं सरकवला. "आण मोबाईल. पयल्यापास्नं वाच. त्यांनी लिवलंय तसं."

"त्याची मराठी फार वाईट आहे, आई."

"असू दे. तू वाच सावकाश. मधी मी विचारीन."