फाइलमधली लाल रेघ

परराष्ट्र खात्यातल्या बड्या साहेबांच्या आखाती दौऱ्याची फाइल मी तयार करत होतो. ‘विचारले जातील असे प्रश्न’ या पानावर मी लिहिलं, “मालकाने पासपोर्ट काढून घेतलेले आपले मजूर घरी कधी येणार?” आमच्या मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली. “अरे बाबा, चळवळीची पत्रकं ऑफिसबाहेर वाट. हे तिथे विचारणार कोण?”

रेघ अगदी सरळ होती. माणसं खोडताना हात जरासुद्धा हलत नाही! साहेब बिनसाखरेचा चहा घेतात, ही ओळ मात्र शाबूत.

त्या मजुरांपैकी एकाची बहीण तिथेच नर्स आहे. तिथल्या आपल्या लोकांनी ठेवलेल्या साहेबांच्या स्वागतसभेला ती जाणार आहे. तिला मी प्रश्न पाठवला.

“दादा, माइक हातातून सोडणार नाही,” ती म्हणाली.

साहेब उत्तरासाठी फाइल चाळतील. त्यांना चहा सापडेल.