खंडेनवमीला पुजलेले बूट

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या गल्लीने तीन व्यावसायिक बास्केटबॉलपटू घडवले, असं मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ना कोणी अधूनमधून अभिमानाने लिहितं. गल्लीने काही घडवलेलं नाही. गल्लीत घडली ती पार्किंगवरून भांडणं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत एक गंजकी बास्केट होती. आमचा मुलगा, शेजारच्या मल्याळी घरातला आणि समोरच्या फिलिपिनो घरातला असे तिघं उन्हं उतरली की तिथे चेंडू आपटायला जायचे, मग भूक लागली की आमच्याकडे पोहे खायला यायचे. आता तिघंही एकाच क्लबकडून पगार घेऊन चेंडू आपटतात आणि पोहे मात्र आमच्याकडेच खातात.

गेल्या सीझनला आमच्या चिरंजीवांचा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, आणि साडेसहा फुटांच्या त्या बाप्याला पाच फुटांची माझी बायको खांद्याचा आधार देऊन बाथरूमपर्यंत नेऊ लागली. हसू येण्यासारखं दृश्य होतं, पण घरात कोणी हसलं नाही. यंदा डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. कोचने सांगून टाकलं होतं की पहिल्या मॅचला उतरलास तर जागा तुझी, नाहीतर सीझनभर दुसरा कोणी.

मॅच दसऱ्यानंतर होती, म्हणून खंडेनवमीला कोणालाच घाई नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रपूजा असते. ज्याच्यावर घर चालतं ते पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही. दरवर्षी माझा लॅपटॉप असतो. यंदा बायकोने शेजारी बूट आणून ठेवले.

"अगं, बूट? पाटावर?"

"पोट कशावर आहे त्याचं? लॅपटॉपवर?"

निकाल लावायला तिने ठाण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी बूट चहूबाजूंनी दाखवायला लावले, तळ धुतलेत ना ते विचारलं, आणि "लेस सोडलेल्या ठेवा, शस्त्राला गाठ नको," असा निर्णय दिला. ही माहिती त्यांनी कुठून आणली देव जाणे. बायकोने लगेच कपाटातले सरावाचे बूटही काढले, शस्त्रं अर्धी पुजू नयेत म्हणून.

तेवढ्यात वाटी मागायला आलेल्या मल्याळी वहिनींनी पाट पाहिला. "हमारे में भी होता है, भाभी," म्हणत त्या आपल्या मुलाचे बूट घेऊन आल्या. मग फिलिपिनो बाईही मुलाचे बूट घेऊन आल्या. त्यांनी बुटात एक छोटा क्रॉस ठेवू का विचारलं, बायको म्हणाली ठेवा की. आमचा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्या बुटांपैकी कुठल्याही एकात पाय पसरून झोपला असता. झेंडूची फुलं कमी पडली, तेव्हा दोन बुटांत मिळून एक फूल वाहिलं.

दुपारी फोन आला. हॉलमध्ये पुढे दुसरा कार्यक्रम ठरल्यामुळे मॅच आजच, संध्याकाळी.

"कोच, माय शूज आर इन द टेम्पल," मुलगा फोनवर सांगत होता. "नो, नॉट आउटसाइड. इनसाइड. विथ फ्लॉवर्स." मग पाटाकडे बघून, "येस कोच, ऑल थ्री ऑफ अस."

मी मुलाला घेऊन गाडी काढली. मॉलमधल्या सेल्समनने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि "हबीबी, ये साइज ऑर्डर पे आता है. चार दिन, इन्शाल्ला," म्हणाला. घरी परतलो तर दिवाणखान्यात मल्याळी वहिनी बायकोची बाजू घेऊन बसलेल्या, त्यांच्यात म्हणे दशमीच्या सकाळआधी हातसुद्धा लावत नाहीत. त्यांचा मुलगा डोकं धरून जमिनीवर बसला होता. फिलिपिनो मुलगा दारात अनवाणी उभा राहून "यल्ला, आंटी, प्लीज," म्हणजे लवकर चला, एवढंच म्हणत होता.

मी पुन्हा गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, अडचण असेल तर अक्षता टाका, पाट जरा हलवा, झाली उत्तरपूजा.

"गुरुजींना काय कळतं बास्केटबॉलमधलं?" बायको म्हणाली. सकाळी लेसबद्दल ज्यांचा शब्द तिने झेलला, तेच हे गुरुजी. मला राग आला. देवाचं नाव पुढे करून ती पोराची वर्षभराची मेहनत मातीत घालत होती, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

ती पाटासमोर बसली. "बूट इथे आहेत तोवर पाय घरात आहे," ती म्हणाली. "हाड मोडल्याचा आवाज मी हॉलमध्ये वर प्रेक्षकांत बसून ऐकला होता. तुम्ही पार्किंगमध्ये होतात. मला भीती वाटते. पूजाबिजा काही नाही, भीती वाटते."

मुलगा तिच्या शेजारी बसला, बसल्यावरही तिच्याहून वीतभर उंच. "आई, आय ॲम स्केअर्ड टू," तो म्हणाला. "बट आय वॉन्ट टू प्ले."

मग तिने अक्षता घेतल्या. आधी मल्याळी जोड उचलून दिला, वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग फिलिपिनो जोड, क्रॉससकट. मुलाचे बूट मात्र तिने उचलले नाहीत. पाट जरासा सरकवला आणि म्हणाली, "घे तूच."

हॉलमध्ये तिघंही पिवळ्या-लाल बुटांत धावले. समोरच्या टीमने तो क्लबचा नवा रंग समजला असावा. ते हरले, चांगलेच हरले. शेवटची शिटी वाजली तेव्हा मी दात-ओठ खात रेफरीच्या नावाने ओरडत होतो.

"कितीने गेली गं?" मी बायकोला विचारलं, कारण रागात माझं बोर्डाकडे लक्षच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. कोर्टवरून बाहेर चालत येणाऱ्या त्याच्या पायांवरून तिने नजर काढली नाही. "मी बोर्ड बघितलाच नाही."