रेघेच्या आतला आकडा

गणवेश शिवायच्या कारखान्यात तिला सगळ्या मावशीच म्हणत. कारखाना वरच्या मजल्यावर, आणि जिना मधेच वळणारा. त्या वळणावर मावशी रोज थांबून चपलेचा पट्टा नीट करायची. पोरी हसायच्या. मावशी, चप्पल तरी बदला नाहीतर जिना तरी, म्हणायच्या. मावशीही हसायची, कारण हसण्यात दम लपतो.

वजन वाढलंय, दुसरं काय, असं सगळेच म्हणत आणि तिलाही ते पटलं होतं. रात्रीचं जेवण तिने निम्म्यावर आणलं. अंग काही उतरेना, उलट संध्याकाळी पावलं सुजून चप्पल घट्ट व्हायला लागली. शेवटी नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. हृदयावर ताण आला की रक्तात एक घटक वाढतो, त्याची ती तपासणी होती.

आकडा नॉर्मलच्या रेघेच्या आत आला. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. “हृदय ठणठणीत आहे. आता तेवढा जिभेला लगाम घाल.” मावशी मान खाली घालून बसली. म्हणजे दुखणं नव्हतंच, आपणच अंगचोर, असं तिच्या मनाने घेतलं.

डॉक्टरीणबाई मात्र कागद बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “ही रेघ सगळ्यांना सारखी लावून चालत नाही. अंगाने जाड माणसाच्या रक्तात हा घटक मुळात कमीच दिसतो. त्यामुळे एवढ्यावर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. झोपताना उशा किती घेता?”

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. रोज पहाटे त्याला जाग यायची तेव्हा ती देवापुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली असायची. नामस्मरणात खंड नको म्हणून तो पाय न वाजवता पुढे जायचा. चार लोकांत कौतुकही करायचा, आमच्या घरात देव जागा आहे म्हणून.

“उशा नाही घेत,” ती म्हणाली. “आडवं झालं की गुदमरतं. खुर्चीतच झोपते. यांना वाटतं, मी देवाचं नाव घेते. मी वाटू दिलं.”

नवरा रिपोर्टची घडी घालत राहिला.

हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय नीट आवळलं जात होतं, पण सैल पडताना अडत होतं. गोळ्या सुरू झाल्या. वजनही उतरवायचं होतंच, पण ते आता औषधाच्या जोडीने, शिक्षा म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती खुर्चीतच होती. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागणार होता. नवरा उठला. आज तो पुढे गेला नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिच्याजवळ बसला.

“नामस्मरण, की दम?” त्याने हळूच विचारलं.

“दम,” ती म्हणाली.

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दम खाली बसेपर्यंत तसाच राहू दिला. देवाचं नाव त्या पहाटे त्यानेच घेतलं.