चपला काढ, गवत गार आहे

अंबाबाईपुढं उभं राहिलं की माणूस मनातलं सगळं बोलून टाकतो म्हणतात. मी हे तिथंही बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आज तुमच्याशी बोलतेय — आणि तरी आधी बागेचंच सांगावंसं वाटतंय, कारण ते सोपं आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात आमचं मंगळवार पेठेतलं घर दिवसभर तापायचं, आणि ऊन उतरलं की मी आणि माझी चुलत बहीण शालन टाऊन हॉलच्या बागेत जायचो. माळी नुकताच पाणी मारून गेलेला असायचा. मोठ्या झाडांखाली ओल्या मातीचा वास, फुटाणेवाला, गवतावर लोळणारी पोरं. शालन मला अक्का म्हणायची. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

लहानपणच्या तापानं तिचा उजवा पाय आखूड राहिला होता. काकीनं, म्हणजे तिच्या आईनं, चपला करणाऱ्याकडून उजव्या चपलेच्या तळाला कातड्याचे जादा थर शिवून घेतले होते. कोल्हापुरी चप्पल मुळातच जाड, कुणाला शंका येत नसे. ती घालून शालन सावकाश चालली, तर पाय अधू आहे हे मुद्दाम सांगावं लागायचं.

आणि काकीनं ते मुलाकडच्यांना सांगितलंही होतं. हुपरीचं स्थळ होतं. चांदीचं काम, पैंजण घडवणारं घर. ते म्हणाले, थोडं अधू असलं तर चालेल, पण किती दिसतं ते एकदा बघू. तेव्हा आमच्याकडं अशी एक रीत होती — घरी कांदेपोहे करून नकार घेण्यापेक्षा पोरीला न सांगता बागेत लांबूनच दाखवायची. पसंत पडली तर रीतसर घरी यायचं, नाही तर पोरीला कळायचंही नाही. शालनला ठाऊक नव्हतं. मला होतं. काकीनं मला चुलीपाशी बोलावून सांगितलं, "कारंज्याजवळच्या बाकावर बसव तिला. मग जरा वाटंवरनं चालव, सावकाश. तुझ्यावर सोडलंय बघ."

आता माझं सांगायला हवं, नाही का? मी थोरली. रंगानं काळी, दात पुढं. मला बघून गेलेल्यांचा निरोप यायचा तो नकाराचाच, आणि आई तो मला ऐकू जाऊ नये म्हणून भांडी वाजवायची. धाकटीचं माझ्याआधी जमणार — आणि तेही लंगडीचं. होय, मनात मी हाच शब्द वापरला होता. आता मऊ शब्द कशाला शोधू?

तरीही बागेत पाऊल टाकेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. शपथेवर सांगते — पण माझ्या शपथेला काय किंमत?

जांभळं लुगडं नेसलेली बाई समोरच्या झाडाखाली बसली होती, शेजारी चष्म्याचा मुलगा. काकीनं खूण सांगितली होती, मी लगेच ओळखलं. शालन फुटाणे खात बडबडत होती, काहीतरी बोलून स्वतःच हसली — आणि त्या मुलानं तिच्याकडं बघितलं, आणि तोही हसला. नुसतं ओठात. असं मला बघून कुणी हसलं नव्हतं.

"शाले, चपला काढ," मी म्हणाले. "गवत बघ कसलं गार आहे."

"अनवाणी? पडंन की मी."

"मी धरते ना."

तिनं काढल्या. मी म्हटलं म्हणून काढल्या. चपला मी उचलून घेतल्या. एका हातात चपला, दुसऱ्या हातात ती. पहिली पावलं टाकताच तिचं सगळं अंग उजवीकडं कलंडलं, सावरलं, पुन्हा कलंडलं. आणि ती हसत होती, लहान पोरीसारखी. "अक्का, कसलं गार हाय गं!"

त्या बाईच्या चेहऱ्याकडं मी बघितलं. मुलानं चष्मा काढला आणि मान खाली घालून पुसत बसला. एवढ्यावर थांबले असते तर चूक झाली म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. "अजून एक फेरी," म्हणाले, आणि तिचा हात सोडला. हात धरल्यानं तिला आधार मिळत होता ना, म्हणून.

फेरी संपायच्या आत झाडाखालची जागा रिकामी झाली होती.

निरोप आला, पाय फारच अधू आहे. काकीनं मला पुन्हा चुलीपाशी बोलावून विचारलं, "चप्पल घालूनच चालली न्हवं?"

मी म्हणाले, "हो काकी. चप्पल घालूनच."

काकीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मग चप्पल घालूनबी दिसतंय म्हणायचं." त्यानंतर तिनं शालनसाठी एकही स्थळ बघितलं नाही. बागेत केलं ते एका संध्याकाळचं होतं. चुलीपाशी बोलले ते तिच्या जन्माला पुरलं.

माझं पुढच्याच वर्षी जमलं, शाहूपुरीत. हळदीला सगळ्यात जास्त राबली ती शालन. आज ती भावाच्या घरी शिवणकाम करते, केस पिकलेत. काकी गेली, जाताना शालनचा हात माझ्या हातात देऊन गेली.

परवा आम्ही दोघी पुन्हा बागेत गेलो होतो. पाणी नुकतंच मारलेलं होतं. शालननं आपणहून चपला काढल्या आणि म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तू मला गवतावरनं चालवलीस बघ, तसं कुणीच कधी चालवलं न्हाई. सगळी नुसती म्हणायची, बस, बस. कुणी अनवाणी म्हटलं की मला तीच सांज आठवती."

ती गवतावर गेली, आणि मी तिच्या चपला हातात धरून काठावर उभी राहिले. उजवी अजून जड लागते.