फोटोतले पाय

अख्ख्या गावाची लग्नं ज्याच्या मांडवाखाली लागली, त्याच्याच मुलीनं एका सकाळी सांगितलं, "बाबा, माझं लग्न बेटावर करायचं ठरवलंय." झालं! चहाचा कप ओठांपाशी गेला होता, तो तिथंच राहिला.

"बेटावर म्हणजे?"

"समुद्रातल्या बेटावर. आधी विमानानं जायचं, मग बोटीनं. अगदी घरची माणसं न्यायची."

"आणि माझा टेम्पो?"

"टेम्पो कसा येईल, बाबा?"

मांडवदादांनी कप तसाच खाली ठेवला. मांडवदादा हे काही खरं नाव नव्हे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी सगळ्यांच्या तोंडी मांडवदादा, आणि बायकोच्या तोंडी अर्थातच अहो. खाली गोदाम, वर घर. गोदामात एका भिंतीला लोखंडी पाइप, दुसरीला बांबू, मधे कापडाच्या घड्या छतापर्यंत. ओल्या कापडाचा आणि सुतळीचा वास जिन्यानं वर यायचा आणि सकाळच्या चहात मिसळायचा. या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं ते पाइपला धरून. दुपारची झोप घेतली ती झालरीच्या गठ्ठ्यावर. लहानपणी तर ती बापाला विचारायची, "आपला मांडव कधी?" आणि बाप म्हणायचा, "तुझा असा घालीन, की लोक जेवायचं विसरून वर बघत बसतील!"

आता बोला.

माणूस भारी कामाचा, पण एक खोड होती. मांडव उभा केला की कुणीही मालक घरी जाऊन अंग टेकेल. मांडवदादा जायचे नाहीत. सगळ्यात मागच्या खांबाशी, दोरीवर एक हात ठेवून, लग्न लागेपर्यंत उभे. "वाऱ्याचा काही भरवसा नाही," एवढंच म्हणायचे. खुर्ची दिली तर तिच्यावर हातोडा ठेवायचे. नवरी आत आली की सगळं गाव तिच्याकडे बघायचं आणि हे वर, कापडाकडे. ती पुढे गेल्यावर यांची नजर खाली यायची, तेव्हा समोर नुसती पाठ. पाठीवरून सांगायचे की ही गिरणीवाल्याची धाकटी, ही मास्तरांची पुतणी. चेहरा विचाराल तर राम जाणे!

थोरल्या मुलाच्या लग्नातही हीच तऱ्हा. ऐन वेळी वारा सुटला, कडेची कनात फडफडायला लागली, आणि नवऱ्या मुलाचा बाप कनातीच्या पलीकडे जाऊन दोरीला लटकला. आत लग्न लागलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्या फोटोत सगळं घर आहे. आई आहे, मुलगी आहे, नवे व्याही ओळीनं उभे आहेत. आणि कोपऱ्यात कनातीच्या खालच्या कडेशी दोन पाय. एका पायात चप्पल, दुसऱ्यात तीही नाही.

हा फोटो दादांनी गोदामात, गिऱ्हाईक बसतं तिथं समोरच लावला होता. कुणी आलं की बोट दाखवायचे. "ओळखा बघू, मी कुठाय? मुलाच्या लग्नाला आम्ही पायांनिशी हजर होतो!" गिऱ्हाईक पोट धरून हसायचं, वरून चहा यायचा. मुलगी मात्र हसायची नाही. रिकामे कप उचलून गप वर निघून जायची.

दादांनी मनात गाठ मारून ठेवली होती, आणि बेटाची गोष्ट निघाल्यावर ती घट्ट झाली. मुलगी मोठ्या दवाखान्यात कानाची यंत्रं बसवते, होणारा जावई पोहायला शिकवणारा, चार शिकलेल्या लोकांत वावरणारी ही पोरं. त्यांना आपल्या डाग पडलेल्या कापडांची, सुतळीच्या वासाची लाज वाटते. म्हणून समुद्र ओलांडून पळायचं. एका रात्री बायकोला त्यांनी हे बोलून दाखवलं.

"तुम्हाला ना, दोरीशिवाय काही दिसत नाही," ती म्हणाली. "पोरीला विचारा की सरळ."

विचारतील तर ते मांडवदादा कसले! वरवर म्हणाले, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. करू दे की तिलाच." पण गप्प बसवेना. मुलगी फोनवर बेटावरच्या हॉटेलातल्या बाईशी बोलायला बसली, की हे मागून डोकावायचे. फुलं कोणती, खोल्या कुठल्या, बोट किती वाजता, असं सगळं चाललेलं असायचं. एकदा राहवलं नाही. त्यांनी फोनमध्ये तोंडच घातलं.

"ताई, वाळूत खांब किती खोल रोवता?"

"खांब नाहीत, सर," बाई गोड हसून म्हणाली.

"मग कापड बांधता कशाला?"

"कापड नाही, सर. वर मोकळं आकाश. नवरीनंच सांगितलंय तसं."

दादा मुलीकडे बघत राहिले. ती फोनकडे बघत राहिली. "हो बाबा, मीच सांगितलंय. मांडव नको."

बेट चाललं असतं, टेम्पो राहिला असता तरी चाललं असतं. पण मांडवच नको? दादा जिना उतरून गोदामात गेले आणि घडी केलेली कापडं उलगडून पुन्हा घड्या करत बसले. जेवायला वर आले ते जाहीर करूनच. "तुम्ही जा सगळे. मी गोदाम सांभाळतो."

"गोदाम काय पळून जातंय?" बायको म्हणाली. "पोरीच्या लग्नाला बाप नाही, असं झालं तर मी या घरात तुम्हाला चहासुद्धा देणार नाही. सांगून ठेवते!"

चहाच्या धाकानं म्हणा किंवा पोरीच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून म्हणा, दादा तयार झाले. पण स्वस्थ बसतील तर शपथ! निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी आतून कडी लावून आपली बॅग पुन्हा भरली. गोदामातलं सगळ्यात जुनं, पण सगळ्यात मऊ असं झालरीचं पिवळं कापड. दोन दोऱ्या. चार खुंट्या. एवढं बसवायला जागा करावी लागली, ती त्यांनी केली. वजन मात्र चोख जमवलं, एवढी वर्षं टेम्पो भरलेला माणूस.

बेट छान होतं, खोटं कशाला बोला. पांढरी वाळू, नारळाची झाडं वाकून पाण्याकडे बघत असलेली, आणि पाणी इतकं स्वच्छ, की बोटीच्या सावलीत मासे दिसावेत. दादांनी उतरल्या उतरल्या हाताचं बोट ओलं करून हवेत धरलं. वारा समुद्राकडून. मुलीनं ते बघितलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी बायकोनं खोलीत बॅग उघडली. यांचे नवे कपडे काढायला म्हणून. वरचे दोन बनियन उचलले, खाली हात घातला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो! नवे कपडे कुठायत?"

"घरी."

"घरी? आणि हे काय आणलंत? खुंट्या? पोरीच्या लग्नात काय म्हैस बांधायचीय?"

आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतून मुलगी आली. केस अर्धे बांधलेले, अर्धे मोकळे. पलंगावर पिवळं कापड पसरलेलं, त्याच्यावर दोऱ्या, आणि दादा चोरी पकडल्यासारखे कडेला उभे.

"लहानसाच घालतो," ते म्हणाले. "कुणाला त्रास नाही. दोन झाडांच्या मधे. तुला लाज वाटत असेल तर लग्न लागलं की लगेच उतरवतो."

"लाज?" मुलगी म्हणाली. "कसली लाज?"

"आपल्या मांडवाची. माझी."

मुलगी मटकन पलंगावर बसली, त्या कापडावरच. "बाबा, भावाच्या लग्नाचा फोटो तुम्ही सगळ्या जगाला दाखवता आणि हसता. मला तो बघून रडू येतं. तुम्ही होतात आणि नव्हतात. घरी लग्न केलं असतं, तर तुम्ही मागच्या खांबाशी उभे राहिला असतात. हो की नाही? खरं सांगा."

दादा दोरीचं टोक चाचपत राहिले.

"म्हणून इतक्या लांब आले. टेम्पो पोचणार नाही, अशी जागा शोधली. खांब नको म्हटलं. दोरी नको म्हटलं. तर तुम्ही बॅगेत घालून आणलीत!" आणि ती एकदम हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "तुमचे हात रिकामे पाहिजेत मला. एक दिवस. एवढंच."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दादांनी एक एक दोरी गुंडाळली, खुंट्या बॅगेत टाकल्या. कापडाची घडी मात्र त्यांना घालता येईना, कोपरे जुळेनात. ती मुलीनं घातली, चारी कोपरे जुळवून, त्यांनीच शिकवली होती तशी.

कपड्यांचा प्रश्न जावयानं सोडवला. त्याच्या बॅगेत एकच जादा सदरा होता, आणि त्याच्यावर ही एवढाली केशरी फुलं. "बाबा, चालेल ना?" त्यानं घाबरत विचारलं.

"न चालायला काय झालं," दादा म्हणाले. "कापड चांगलंय."

ऊन उतरल्यावर पाण्याच्या कडेला खुर्च्या मांडल्या. माणसं बसली. दादांचे पाय सवयीनं सगळ्यात मागे गेले. तिथं खांब नव्हता. हात ठेवायला काहीच नव्हतं. त्यांनी हात पाठीमागे धरले, पुढे घेतले, खिशात घालायला गेले तर त्या सदऱ्याला खिसाच नव्हता. तेवढ्यात नवरी आली. दादांची मान वर गेली. वर कापड नाही, नुसतं आभाळ. त्यात बघण्यासारखं काम काहीच नव्हतं, म्हणून नजर खाली आली. आणि जन्मात पहिल्यांदा, नवरी आत येताना मांडवदादांनी तिचा चेहरा बघितला.

अगदी आजीवर गेली होती पोर. ओठ दाबून हसायची ती खोडही आजीची. एवढ्या वर्षांत हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं वाटून सगळ्यांदेखत ते मुसमुसून रडले.

वारा आलाच. समुद्रावरून एकदम उठला, खुर्च्यांवरची फुलं उडाली, बायकांचे केस उडाले. दादांचा हात झटकन पुढे गेला, दोरी धरायला. मुलीनं तो वरच्या वर पकडला आणि सोडलाच नाही. तसाच धरून ती त्यांना पुढे घेऊन गेली, खुर्च्यांच्या मधून, पार पाण्यापर्यंत. लग्न लागलं तेव्हा दादा तिच्या शेजारी उभे होते.

आता गोदामात दोन फोटो आहेत. गिऱ्हाईक आलं की दादा पहिला दाखवतात, पायांचा, आणि हसून झालं की दुसऱ्याकडे वळवतात. त्यात मुलगी आहे, जावई आहे, डोळे पुसणारी बायको आहे आणि मधोमध केशरी फुलांच्या सदऱ्यात मांडवदादा. लाट नेमकी तेव्हाच आली होती, त्यामुळे त्यांचे पाय पाण्याखाली गेलेत.

"पाय तेवढे नाही आले बघा," ते म्हणतात. "बाकी सगळा आहे."

हल्ली मुलगी माहेरी आली की तो फोटो दाखवताना तीही तिथं थांबते, आणि रिकामे कप तसेच राहतात.